घाटमाथ्यावरचे शेहेचाळीस अंश

सुकुमार, तू गेलास त्या सकाळी तुझ्या घरात पाऊल टाकल्यावर माझ्या तोंडातनं पहिला प्रश्न कुठला निघाला, सांगू? "लॅपटॉप कुठाय?"

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझी श्रुती दारातल्या चपला बाजूला सारत होती, येणाऱ्यांना वाट व्हावी म्हणून. तुला आतल्या खोलीत निजवलं होतं. आणि चौदा वर्षं एका शेडखाली तुझ्याबरोबर ग्रीसनं हात काळे केलेला मी विचारतोय काय, तर लॅपटॉप. पोरीनं वर बघितलं. "कपाटात हाय, काका," एवढंच म्हणाली. मी मान हलवली आणि आत जाता जाता कपाटाला कुलूप आहे का ते बघून घेतलं.

शरम वाटते, पण तुझ्याशी आता लपवाछपवी कशाला? मला वाटत होतं, तो कुणीतरी पळवणार. मिरजेचा तो नवा गॅरेजवाला येणार, हात जोडणार, दोन शब्द गोड बोलणार आणि जाताना आपल्या तीन उन्हाळ्यांची मेहनत काखेत मारून नेणार. फौजेच्या वर्कशॉपात मी स्टोअर सांभाळलंय. तिथं समोर उभा राहील तो काहीतरी ढापायलाच आलाय असं धरून चालायचं असतं. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. तू म्हणायचास, "हवालदार, तू देवळात गेलास तरी मूर्ती खरंच दगडाची हाय का ते टकटक करून बघशील गा." बघेन की. त्यात काय चुकलं?

पण लॅपटॉप मला राखायला नको होता. गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद त्यात आहे, आणि मला त्यात एक गोष्ट बघायची होती. तू मला फसवत होतास की नव्हतास. तू जिवंत असतास तर तुझ्या मानेवर बसून तुझ्याच तोंडून काढून घेतलं असतं. तू निसटलास. आज बारा दिवस झाले आणि मी अजून तेच धरून बसलोय, म्हणून हे लिहितोय.

भेटायला आलेल्या माणसांना आपण दोघं शेडमध्ये नेमकं काय करत होतो तेच कळत नाही. तुझ्या दाजींनी विचारलं, "भांडण झालतं म्हणं तुमचं. कशावरनं?" मी म्हटलं, "हवेवरनं." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. लोकांची भांडणं बांधावरनं होतात, पाण्याच्या पाळीवरनं होतात. आपलं हवेवरनं झालं, त्याला मी काय करू? मग त्यांना समजावून सांगत बसलो. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, सायकलला पंप मारताना पंपाचं बूड तापतं तशी. तापलेली हवा विरळ होते, इंजिनाची ताकद जाते. लय तापली तर इंजिन आतल्या आत ठोके मारायला लागतं, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर घाबरून स्वतःच ताकद कमी करतो. तेव्हा ती हवा इंजिनात शिरायच्या आधी गार करायची. त्यासाठी रेडिएटरसारखा एक डबा असतो, इंटरकूलर. एवढंच आमचं काम, दाजी, तीन वर्षांचं. दाजी म्हणाले, "आनि ह्याच्यासाठी तुमी बोलणं टाकलंसा?"

व्हय. ह्याच्यासाठी.

तुला आठवतंय ना, ती लाल गाडी आपण आणली तेव्हा माधवनगरात सगळे हसले होते. बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड, दारात द्राक्षवाल्यांचे पिकअप आणि उसाचे ट्रॅक्टर रांगेत, आणि मधोमध ही दहा वर्षं जुनी टर्बो पेट्रोलची नखरेल बाई. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची चढणीची शर्यत भरते, तिथं आपली गाडी उभी करायची हे खूळ तुझं. मी नुसता मान डोलवत गेलो. पहिल्या उन्हाळ्यात घाटमाथ्यावर इंजिनात शिरणारी हवा चौऱ्याहत्तर अंशांवर गेली. चौऱ्याहत्तर! गाडी वर पोचेपर्यंत बैलासारखी धापा टाकत होती. तू खाली उतरलास, बॉनेट उघडलंस आणि खुशीत म्हणालास, "आता मजा हाय."

इंटरकूलर कुठं बसवायचा यावर आपण आठ महिने घालवले. मी म्हणत होतो पुढं, बंपरच्या मागं, सरळ वाऱ्यावर. तू म्हणत होतास बॉनेटखाली. बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनावर! मला तेव्हाच संशय आला. एवढं कळणारा माणूस असं का बोलतोय? कुणीतरी ह्याचे कान भरलेत. खोदून खोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणालास, "पुढं बसवला की किडं मरत्यात गा. पट्ट्यांच्या मधी अडकून."

मी हसून हसून लोळलो. "अरं, इंजिनात पेट्रोल जळतंय ते चालतंय, आनि चिलटं मेली की तुला पाप व्हय?"

"जेवढं टळंल तेवढं टाळायचं. बाकीचं हाय की भोगायला."

शेवटी तू ऐकलंस, पण अट घातलीस. दिवेलागण झाली की गाडी बाहेर काढायची नाही, कारण दिव्याकडं किडे धावतात. तुझं जेवणही सूर्य मावळायच्या आत, त्यामुळं तुझी अट तुझ्या सोयीची होती असा मला दाट संशय होता. त्यामुळं आपल्या सगळ्या फेऱ्या भर दुपारच्या. रोज संध्याकाळी मऊ ब्रश घेऊन तू त्या पट्ट्यांमधली मेलेली चिलटं काढत बसायचास आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचास. मला वाटायचं तू ती मोजतोयस, नंतर माझ्या नावावर टाकायला. एकदा विचारलं तर म्हणालास, "मोजत न्हाई. माफी मागतोय. तुझ्या वाटणीची पण."

पाण्याचं तर विचारूच नको. इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारायचा ही माझी कल्पना होती, हे तू दहा माणसांत कबूल केलंयस, ते मी सोडणार नाही. पण माझा फवारा आठ दिवसांत तुंबायचा. माधवनगरचं बोअरचं पाणी, क्षारानं नुसतं पांढरं. तू लावलास तो मात्र दोन उन्हाळे तुंबला नाही. मी म्हटलं, ह्यानं कुठलंतरी परदेशी नोझल आणलंय आणि मला सांगत नाही. तू नसताना खोलून बघितला. माझ्यासारखाच होता, बाजारातला. मग एक दिवस शेडच्या मागं तुला पकडलं. तुमच्या घरच्या विहिरीचं पाणी तू पांढऱ्या फडक्यातनं दुपदरी गाळत होतास, उकळून गार करत होतास, आणि फडकं उलटं करून त्यावरचं पाणी परत बादलीत, विहिरीत नेऊन सोडायला, त्यातला बारीक जीव मरू नये म्हणून. घरात प्यायचं पाणी जसं करता तसंच गाडीचं. वर मला म्हणालास, "गाडीला येगळं पाणी कशाला?" त्या दिवसापासनं मी ते पाणी फवाऱ्यात घालायच्या आधी एक घोट प्यायला लागलो. गोड होतं.

इंटरकूलरच्या चारी बाजूंना फोम लावलास. म्हणालास, वाऱ्याला फट दिली की तो आतनं जात नाही, कडेनं पळतो. एक्झॉस्टच्या पाईपला पट्टी गुंडाळलीस, जखमेला बांधतात तशी. इंजिन आणि त्यात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मध्ये बॅकेलाइटचा, धग न धरणाऱ्या प्लॅस्टिकचा, तुकडा स्वतः घासून बसवलास, खालची धग वर चढू नये म्हणून. तो तुकडा तीनदा तडकला, चौथ्यांदा बसला. चौऱ्याहत्तराचे पासष्ट झाले, पासष्टाचे साठ.

आणि मग मी म्हणालो, एसी बंद.

ते माझंच. एसीचा कंडेन्सर इंटरकूलरच्या तोंडापुढंच असतो. एसी लावला की तो पुढची हवा आधीच तापवतो. दोन-तीन अंश तिथंच जातात. मी सक्त ताकीद दिली, फेरीत एसी लावायचा नाही, आणि काचाही वर ठेवायच्या, वारा कापला जातो. बाहेर एकोणचाळीस अंश. आतला माणूस घामानं निथळतोय. या उन्हाळ्यात एकदा तू विचारलंस, "आज जरा एसी लावू का रं?" मी म्हटलं, "मग बसच्या शीटवर बसून जा की साताऱ्याला." तू हसलास. पुन्हा विचारलं नाहीस.

फेऱ्यांच्या दिवशी आपण उजाडलं की निघायचो. कुंडलला माझ्या घरी थांबा. माझी बायको तुझ्यासाठी वेगळी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवायची, लसूण न घालता, आणि दरवेळी मला दम द्यायची, "त्यांच्या डब्याला तुमचा हात लावू नगा." कडेगावावरनं कराड, तिथनं सातारा. पायथ्याशी चहाच्या टपरीवर मी घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन बसायचो, तू वर जायचास. मग तू बसायचास, मी जायचो. दोघांच्या दोन-दोन फेऱ्या.

इथनं पुढं बिघडलं. चैत्र संपला तसं तुझे आकडे खाली यायला लागले आणि माझे जागच्या जागी राहिले. माझे अठ्ठावन्न, तुझे बावन्न. माझे अठ्ठावन्न, तुझे एकोणपन्नास. गाडी तीच, घाट तोच, पाणी तेच. ऊन तर माझ्या फेरीला कधी कमी, कधी जास्त. खाली येऊन आकडा लिहिताना तुझा चेहरा असा कोरा की स्टोअरमधला चोर बरा.

मी तुला सरळ विचारलं नाही. ती माझी रीत नाही. मी पाळतीवर राहिलो. तुझा फोन आला की तू शेडबाहेर जायला लागला होतास. दर मंगळवारी मिरजेला जायला लागला होतास, "बेअरिंग बघून येतो," म्हणून. चार मंगळवार गेलास, एक बेअरिंग आलं नाही. त्याच सुमारास मिरजेच्या त्या गॅरेजवाल्यानं मोठा बोर्ड लावला, टर्बोच्या गाड्यांचं काम करतो म्हणून. दोन आणि दोन चार केले मी. सुकुमार तिकडं जाणार. जायच्या आधी इथले आकडे चांगले दाखवून स्वतःचं नाव करणार, खरी अक्कल तिकडं नेणार. एका मंगळवारी तुझ्या मागोमाग मोटरसायकल काढली. रेल्वेच्या फाटकापाशी ऊसवाला ट्रॅक्टर आडवा आला आणि तू दिसेनासा झालास. परत येऊन मी बायकोला म्हटलं, "चौदा वर्षांनी ओळख पटली बघ." ती म्हणाली, "आधी विचारा तरी त्यांना." मी म्हटलं, "चोराला विचारून चोरी कळती काय?"

चोर म्हणालो गड्या तुला. ज्यानं मला उभं केलं त्याला. मी फौजेतनं आलो तेव्हा मला कुणाशी धड बोलता येत नव्हतं. गिऱ्हाइकाला "सावधान" म्हटल्यासारखं बोलायचो. घरचे कंटाळले होते. तू मला शेडचा अर्धा कोपरा दिलास, वर स्वतः माझ्या बाजूला स्टूल टाकून गिऱ्हाइकाशी बोललास, दोन वर्षं. लॅपटॉप उघडायला तू शिकवलंस. त्या पडद्यावर गाडीच्या पोटातलं सगळं रेघांनी दिसतं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो होतो, हे बरं आहे, माणसाचंही असं दिसलं पाहिजे. तू म्हणालास, "मग तुला काम काय उरंल गा?"

शेवटच्या फेरीचा आकडा शेहेचाळीस. साताऱ्याला, टपरीवरच्या चार माणसांसमोर मी तुला खोटारडा म्हणालो. त्यानंतर तू अकरा दिवस जगलास. त्या अकरा दिवसांत आपण कामापुरतं बोललो. तेरा नंबरचा पाना दे. पिकअपवाला आलाय. बास. बाराव्या दिवशी सकाळी श्रुतीचा फोन आला, "काका, पप्पा गेले." अंघोळीचं पाणी काढताना खाली बसलास आणि उठलाच नाहीस म्हणे. मला पहिल्यांदा तेही पटलं नाही. धडधाकट माणूस असा कसा जाईल? मी डॉक्टरला दोनदा विचारलं. श्रुतीला विचारलं, काल कुणाचा फोन आलता. माझं डोकं तुला माहीत आहे.

दहाव्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं गाडीचं काय करायचं ते विचारतील. त्यांनी एक प्लॅस्टिकची फाईल माझ्यापुढं ठेवली. मिरजेच्या दवाखान्याची. हृदयाच्या फोटोचे कागद, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळ्या मंगळवारच्या. दोन नळ्या तुंबलेल्या. ताबडतोब ऑपरेशन करून घ्या म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं, आणि बाजूला तुझ्या अक्षरात, शर्यत झाल्यावर.

मिरजेला माणूस कशाला जातो हे आपल्या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. सगळा मुलूख तिथं दवाखान्याला जातो. आणि मी, मोठा पाळत ठेवणारा, गॅरेजचा बोर्ड शोधत बसलो.

मी वहिनींना म्हटलं, "मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई ओ."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "असं कसं, भावजी? ते तर म्हणायचे, हवालदाराला सगळं सांगितलंय. तो संगं असतोय, मला जोरात चालवू देत न्हाई, सावलीत बसवून ठेवतोय. तुमी संगं हाय म्हणून तर मी सोडत होते त्यांना."

एसी बंद ठेवायला कुणी लावला ते सांगू त्यांना? शेवटी सांगितलं. सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. आत जाऊन पाणी घेऊन आल्या, माझ्यापुढं तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांनी तुमाला पण फसवलं मग." त्या बाईनं मला असं सोडून दिलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर सुक्या, तू खोटं बोललास. माझ्या नावावर बोललास, घरच्या बाईशी. एवढा राग आलाय तुझा की तू समोर असतास तर पान्यानं हाणला असता. माझ्या भरवशावर त्यांनी तुला सोडलं आणि मला त्याचा पत्ताच नाही. मी तुझ्यावर चौदा वर्षं नाही नाही ते संशय घेतले, आणि हा एक घ्यायला हवा होता तोच घेतला नाही. तुझा चेहरा कधीतरी पिवळा पडायचा, मी म्हणायचो काहीतरी लपवतोय. बरोबरच होतं की. काय लपवतोय एवढंच चुकलं.

त्याच दुपारी श्रुतीनं कपाटातनं लॅपटॉप काढला. "काका, तुमाला पायजे होता न्हवं?" टोमणा नव्हता त्यात. पोरगी तुझ्यावर गेलीय. आम्ही दोघं ओसरीवर बसलो आणि तुझ्या-माझ्या फेऱ्या एकाखाली एक लावल्या. पडद्यावर चार रेघा. मी नेहमीसारखं लालवर बोट ठेवलं, ती हवेच्या गरमीची. तिला म्हटलं, ही बघ, माझी वर जाती आनि तुझ्या पप्पांची मधी मधी खाली येती, हे कसं काय?

ती म्हणाली, "आनि ही निळी कशाची?"

"ती पायाची. ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्याची."

"मग ही पण खाली आलीय की, काका. त्याच ठिकाणी."

माझ्या फेऱ्यांत निळी रेघ सरळ, वरच्या कडेला लागलेली, वळण सोडलं तर कुठं हालत नाही. तुझ्या फेऱ्यांत ती तीन ठिकाणी कोसळलेली. दरवेळी चढावर, दरवेळी चार-पाच सेकंद, मग हळूहळू वर. पाय सुटला की टर्बो दाब सोडतो, दाब सुटला की हवा गार होते. हे पहिल्या वर्षी तूच मला शिकवलंस. कळ आली की तू पाय उचलत होतास. तेवढ्यानं आकडा उतरत होता. बावन्न खरे, एकोणपन्नास खरे, शेहेचाळीसही खरे. जसजसं दुखणं वाढत गेलं तसतशी हवा गार होत गेली.

तू आकड्यात एक काडी इकडची तिकडं केली नव्हतीस. दरवेळी खाली येऊन तू पडदा माझ्याकडं फिरवायचास, चारी रेघा उघड्या ठेवून. मीच त्यातली एकच बघत होतो. आता मला दोन संशय आहेत आणि दोन्हींचं उत्तर तू घेऊन गेलास. एक, तुला भीती होती की कळलं तर हवालदार किल्ली काढून घेईल. घेतलीच असती. खुर्चीला बांधून मिरजेला नेला असता. दुसरा संशय वाईट आहे. तुला वाटत असावं की ह्याच्या नजरेतनं काही सुटत नाही, हा निळी रेघ बघेलच, आणि मग मला तोंडानं सांगायला लागणार नाही. तू दाखवत होतास का रं? दरवेळी पडदा फिरवून तू वाट बघत होतास का? कधीकधी वाटतं पहिला खरा. आज दुसरा खरा वाटतोय.

शर्यत परवा झाली. गाडी शेडमध्ये आहे. मला तिथं जाववत नाही.

शेवटची फेरी मी श्रुतीसमोर उघडली नाही. लॅपटॉप घरी आणला, कुंडलला, आणि काल दुपारी ती एकट्यानं बघितली. तिथं तीन ठिकाणं नाहीत. तिसऱ्या वळणाच्या वर निळी रेघ पार तळाला गेलीय आणि तिथंच पडून राहिलीय. वेगाची रेघही तळाला. गाडी उभी, इंजिन चालू. लाल रेघ चढायला लागली, कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही, इंजिनाची धग वर येते. पन्नास, पंचावन्न, साठ, सदुसष्ट. अकरा मिनिटं. एसीचा कॉम्प्रेसर त्या अकरा मिनिटांत एकदाही लागलेला नाही. वर तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि तू काचा वर करून आत बसला होतास, एकटा. मग निळी रेघ इतकीशी उठली. पोर चालायला लागतं तशी गाडी हळूहळू वर गेली, वारा लागला, आणि माथ्यावर शेहेचाळीस.

त्या अकरा मिनिटांत मी खाली टपरीवर घड्याळ बघत होतो. मी फोन केला, तू उचलला नाहीस. परत केला, तेव्हा उचललास. मी म्हणालो, "कुणाला भेटायला थांबलायस वर? मला काय येडा समजतोस?" तू म्हणालास, "कुणाला न्हाई गा. आलोच." आणि आलास. ती सगळी वळणं स्वतः गाडी चालवत उतरून आलास. काच खाली केलीस, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि पडदा माझ्याकडं फिरवलास. मी आकडा बघितला आणि टपरीवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "खोटारडा हायस तू, सुकुमार."

तू रागावला नाहीस. "बरं," म्हणालास. दार उघडून उतरलास, दाराला धरून क्षणभर उभा राहिलास, आणि किल्ली माझ्या हातात दिलीस. "जाताना तू चालव."

मला वाटलं, रुसला.